आधी कोणी शिकायचे?



बाहेरून आलेल्यांनी इथली भाषा शिकावी, की इथल्यांनी त्यांना सांभाळून घ्यावे, हा वाद मुंबई-पुण्यात एका ठरलेल्या रेषेवर चालतो. रेषेच्या अलीकडे मराठी माणूस, पलीकडे परप्रांतीय. झरी-जामणी तालुक्यातल्या मुकुटबनात ही रेष ओढायला गेलो तर ती कुठून ओढायची हेच कळत नाही. खाली पैनगंगा आहे आणि पलीकडे आदिलाबाद. मराठी आणि तेलुगू घरे या नदीच्या दोन्ही अंगांना पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, किनवटचा भाग आदिलाबादमधून काढून नांदेडला जोडला गेला, तरी मराठी बोलणारी कितीतरी गावे पलीकडे राहिली आणि तेलुगू बोलणारी कितीतरी घरे अलीकडे. या दोघांच्याही आधीपासून इथल्या जंगलपट्ट्यात गोंड आणि कोलाम आहेत. गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्राविड कुळातल्या भाषा, म्हणजे मराठीपेक्षा तेलुगूच्या जवळच्या. मग कोळसा निघाला, २०२२ मध्ये सिमेंटचा कारखाना सुरू झाला, आणि त्यांच्याबरोबर उत्तरेकडची हिंदी गावात आली. अशा गावात ‘स्थानिक’ कोण, याचे उत्तर आपण किती मागे जायला तयार आहोत यावर ठरते.

‘जो आला त्याने शिकावे’ हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो. तो प्रामाणिकपणे झरी-जामणी तालुक्याला लावून पाहा. त्या हिशेबाने तलाठ्याने, ग्रामसेवकाने, शिक्षकाने आणि डॉक्टरने कोलामी शिकायला हवी होती. प्रत्यक्षात कोलाम मराठी शिकले, बऱ्याच ठिकाणी तेलुगूही शिकले, आणि त्यांच्या भाषेकडे क्वचितच कोणी वळले. म्हणजे आपल्याकडे खरा चालत आलेला नियम वेगळाच आहे: ज्याला गरज जास्त त्याने शिकावे, मग तो आधीचा असो की नंतरचा. भाषेचा भार नेहमी उताराकडे वाहत गेला आहे. माझे म्हणणे इतकेच की तो उलटा फिरवला पाहिजे. ज्याच्या हाती कागद, औषध, पगार किंवा परीक्षेचे गुण देण्याचा अधिकार आहे, त्याने समोरच्याच्या भाषेकडे आधी जावे. त्यानंतर, इथे घर करून राहणाऱ्याने इथली भाषा शिकावी, आणि ती शिकवण्याची सोय मागणी करणाऱ्यांनी उभी करावी. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. दुसरे दोन कातकरी आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणारे सगळ्या देशात मिळून सुमारे १ लाख २८ हजार होते. आठव्या अनुसूचीत ना कोलामी आहे, ना तिच्याहून कितीतरी मोठी गोंडी. पोडावरचे, म्हणजे कोलामांच्या वस्तीतले, एक मूल पहिलीत येते तेव्हा काय घडते ते जरा जवळून पाहू. घरात पाण्याला ‘ईर’ म्हणणाऱ्या त्या मुलाला चित्रावर बोट ठेवून ‘पाणी’ म्हणायला सांगितले जाते. ते गप्प बसते. शिक्षकाला वाटते, याला येत नाही. मुलाला वाटते, आपण बोलतो ते इथे चालत नाही. त्याला पाणी ठाऊक असते, पण त्याची नोंद ‘मागे पडणारा’ अशी होते. पुढे ते शाळेत यायचे थांबले की आपण पालकांच्या उदासीनतेकडे बोट दाखवतो. घटनेत १९५६ साली घातलेले कलम ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. बालभारती उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू अशा भाषांत पाठ्यपुस्तके काढते, हे अभिमानाने सांगावे असे आहे. पण ज्या भाषांच्या मागे शेजारचे राज्य किंवा मोठा वाचकवर्ग उभा नाही, त्यांच्या वाट्याला ही सोय फारशी येत नाही.

आता कारखान्यावरचा मजूर घ्या. तो बिहारचा, झारखंडचा किंवा पूर्व उत्तर प्रदेशचा असेल, ठेकेदारामार्फत आलेला असेल, दोन वर्षांत दुसऱ्या साइटवर जाणार असेल. पाळी संपवून आलेल्या त्या माणसाकडे ‘मराठी बोल’ अशी मागणी करणे सोपे आहे, कारण तो उलट उत्तर देऊ शकत नाही. पण सुरुंग उडवण्याची वेळ, चालत्या पट्ट्याजवळ हात न घालण्याची सूचना, अपघात विम्याचा अर्ज, या गोष्टी त्याला आज कळल्या पाहिजेत, मराठी येईल तेव्हा नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्याने हे फार पूर्वीच ओळखले होते: कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. जीव आणि मजुरीच्या प्रश्नात कायदाही अधिकार असणाऱ्यालाच वाकायला सांगतो. आणि ‘बहुसंख्य’ हा शब्दही मला अपुरा वाटतो. त्याच आवारात पोडावरून आलेला एखादा रोजंदार असेल, तर त्यालाही सुरुंगाची वेळ कळायला हवी.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मराठीच्या काळजीचा आहे, आणि तो मी हलक्याने घेत नाही. आपण असे सांभाळून घेत राहिलो तर हिंदी पसरेल आणि मराठी आपल्याच गावात पाहुणी होईल, असे अनेकांना वाटते. पहिलीपासून हिंदी लावण्याचे दोन्ही शासननिर्णय सरकारला जून २०२५ मध्ये मागे घ्यावे लागले, ते याच काळजीपोटी. तो विरोध मला योग्यच वाटला. पण मराठीची जागा कोण घेते ते नीट पाहू. टपरीवर हिंदीत चहा मागणारा मजूर ती घेत नाही. बँकेच्या खिडकीत मराठी अर्ज नाकारला जातो, मुलाखत फक्त हिंदी-इंग्रजीत होते, शेतकऱ्याला जमिनीच्या मोबदल्याचा करार इंग्रजीत वाचून दाखवला जातो, तिथे मराठी हरते. म्हणजे मी म्हणतो तो नियम मराठीच्या बाजूनेच उभा आहे. इथे शाखा चालवणाऱ्या, माणसे नेमणाऱ्या, जमीन घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला मराठी आलीच पाहिजे. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना मसुरीत मराठी शिकवली जाते. हे तत्त्व सरकारने स्वतःसाठी मान्य केले आहे, ते बँकेला आणि कंपनीला लावायला हवे. राग खिडकीच्या आतल्या माणसाकडे वळावा, बाहेर रांगेत उभ्या असलेल्याकडे नको.

दुसरा आक्षेप असा की आलेल्यांना शिकायची इच्छाच नसते. इच्छा मोजण्याआधी सोय द्यावी लागते. जर्मनीने २००५ पासून स्थलांतरितांसाठी भाषेचे सुमारे सहाशे तासांचे वर्ग कायद्याने सुरू केले. त्या देशाने भाषा मागितली आणि शिकवलीही. केरळच्या साक्षरता मिशनने २०१७ मध्ये पेरुंबावूरला परप्रांतीय मजुरांसाठी ‘चंगाती’ हा वर्ग काढला, त्याचे पुस्तक ‘हमारी मलयालम’. नावातच दोन भाषा शेजारी बसवल्या आहेत. महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून सर्व शाळांत मराठी सक्तीची केली, ते मुलांसाठी झाले. वणी-मुकुटबन पट्ट्यातल्या मजुराला संध्याकाळी तासभर मराठी शिकवणारा वर्ग आपण काढलेला नसेल, तर त्याच्या अनिच्छेबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला थोडा कमीच आहे.

सत्ताधाऱ्याने वाकणे म्हणजे दुबळेपणा, असे मानणाऱ्यांनी बडोदे आठवावे. राजघराणे मराठी, प्रजा मुख्यतः गुजराती. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले ते तिथल्या मुलांच्या गुजरातीतून, आणि त्यामुळे बडोद्यातली मराठी कमी झाली नाही. दुसरीकडे बेळगावातला मराठी माणूस कन्नड शिकलेला असतो, तरी सरकारी कागद मराठीत मागतो. त्याचा आधार आहे केंद्राने १९५६ मध्येच मान्य केलेला दंडक: जिथे भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्के किंवा अधिक, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. ती मागणी न्यायाची आहे. तीच मागणी झरीतला तेलुगू शेतकरी किंवा पोडावरचा नाईक करेल तेव्हा आपले उत्तर बदलता कामा नये.

इतक्या भाषांचा खर्च कोण करणार, असे विचारले जाईलच. झरी तालुक्यात सगळ्या कचेऱ्यांत चार भाषा लावा असे कोणी म्हणत नाही. आरोग्य केंद्र, पहिली-दुसरीचे वर्ग, रेशन आणि खाणीचे सूचनाफलक, एवढ्यापासून सुरुवात करता येते, आणि माणसे इथेच आहेत. आशा कार्यकर्ती त्याच गावातली, त्याच पोडावरची असते. बाळंतिणीचे दुखणे डॉक्टरला मराठीत आणि डॉक्टरचे सांगणे तिला कोलामीत सांगते ती तीच. हे दुभाष्याचे काम तिच्या मोबदल्यात धरलेले नाही. ते धरावे, कोलामी आणि मराठी दोन्ही येणाऱ्या तरुणांना शाळेत साहाय्यक म्हणून नेमताना ती दुसरी भाषा पात्रता मानावी, आणि त्याचा पैसा खनिजाच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होणाऱ्या निधीतून मागावा. खाणबाधित भागातले शिक्षण आणि आरोग्य हे त्या निधीचे ठरलेले काम आहे. मागणीचा ठराव ग्रामसभेला करता येतो.