आधी शिवण उसवा, मग रंग ठरवा
मी मैंदर्गीचा, पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर.

मित्राच्या आजोबांकडे दुसऱ्या महायुद्धातली, ब्रिटिश फौजेनं वापरलेली जीप आहे. टपाचं कॅनव्हास फाटलं, म्हणून पठ्ठ्या ते टाकून पत्र्याला मॅचिंग हिरवं बसवणार होता. म्हटलं, "थांब रे! आधी शिवण उसव."

वरचा रंग उन्हापावसानं उडतो. शिवणीच्या आत, पट्ट्याखाली ऊन पोचत नाही. मूळ रंग तिथंच टिकतो. आम्हाला तिथं मातकट खाकी सापडला!

पत्र्यावरून कापडाचा रंग ठरवू नका. १९४४ मध्ये ब्रिटिशांनी गाड्यांचा तपकिरी रंग बदलून ऑलिव्ह ड्रॅब आणला. पण तो पत्र्याचा पेंट. कापडाचा रंग वेगळा दिला जायचा.

आणि फोनवर विसंबू नका. कॅमेरा रंग स्वतःच 'सुधारतो'. दिवसा, सावलीत, शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढा. नवं कापड मात्र स्क्रीनशी नाही, जुन्या तुकड्याशी ताडून घ्या.

टप नवं शिवलं तरी जुना तुकडा जपून ठेवा. तो गेला, की मूळ रंगाचा पुरावाच गेला.

चला, भेटू पुढच्या भागात!