माणग्याची काठी आणि दुंबराची चटई
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही विहारातली मंडळी श्रीलंकेला जाऊन आलो. १९५० साली बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब ज्या बेटावर गेले, ती भूमी डोळ्यांनी पाहिली. मिहिंतलेच्या पायऱ्या चढलो. देवानंपिय तिस्स राजा हरणाच्या शिकारीला तिथे आला आणि सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर यांनी त्याला थांबवून धम्म सांगितला, अशी परंपरा आहे. शिकारीचं ते रान पुढे प्राण्यांचं अभयस्थान झालं. वाटेवर माकडं निर्धास्त हिंडताना आम्ही पाहिली.

पण आमचं मन अडकलं ते कँडीजवळच्या हेनावला गावात. तिथे घायपातीसारख्या झाडाची पानं खरवडून वाख काढतात, रंगवतात आणि त्याची दुंबरा चटई विणतात. तीवर हत्ती, हरणं, पक्षी उमटतात. विणणारे परंपरेने किन्नरया जातीचे. राजांच्या काळी चटई राजवाड्यात जाई आणि विणणारा मात्र हलका ठरे. बुद्धाला मानणाऱ्या देशातही जात शिरली, हे पाहून वाईट वाटलं. त्याच कलेला २०२१ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

मंडळी, तिथे आम्हाला आपल्या आया आठवल्या. माणग्याची काठी चिरून त्यांनी सुपं, रोवळ्या, डाली विणल्या. गावाने त्याच सुपात भात पाखडला, त्याच रोवळीत तांदूळ धुतले. पण त्या स्वतः खळ्याबाहेर उभ्या! सुपाला विटाळ नाही, विणणारीला विटाळ! मोल काय, तर घेणारा देईल ते पसाभर भात.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण गावकीची कामं सोडली. योग्यच केलं. पण गुलामगिरीबरोबर हातातली कलाही टाकून दिली. कोयती गंजून गेली.

कुणी म्हणेल, पोरांना पुन्हा सुपं विणायला लावता काय? नाही. पोरांनी आधी शिकावं, साहेब व्हावं. पण लादलेलं काम वेगळं आणि आपण निवडलेली, आपण दर ठरवलेली कला वेगळी. तीच सम्यक आजीविका. कुडाळात २००४ साली कॉनबॅक ही बांबूची संस्था उभी राहिली. माणग्याचं फर्निचर लोक पैसे मोजून नेतात. मग ज्यांच्या हातात पिढ्यांची अक्कल, तेच मागे का?

आपल्या वाडीत विणणाऱ्या दोन-तीन आजी अजून आहेत. रविवारी वंदना झाली की तासभर त्यांच्यापाशी बसूया. त्या गेल्यावर कुणाला विचारणार?

नमो बुद्धाय! जय भीम!