मातीतून मातृभूमीचे दर्शन



शालेय नकाशात कुरखेड्याचा परिसर म्हणजे हिरव्या रंगाचा एक लहानसा पट्टा. त्या रंगाखाली आपले गाव, आपली बांधी, आपली बोडी आहे, हे तेथील बालकास कोणी सांगत नाही. जाणून घेण्याजोगे सारे दूर कोठेतरी आहे, असा संस्कार मात्र त्याच्या मनावर नकळत होतो. भूगोलाच्या अध्यापनातील ही उणीव लहान नव्हे.

उपाय महाराष्ट्रातच सापडतो. १९१३ च्या सुमारास काशीचे शिवप्रसाद गुप्त पुण्यात आले असता, महर्षी कर्वे यांच्या आश्रमात जमिनीवर मातीने साकारलेला भारताचा उठावाचा नकाशा त्यांनी पाहिला. त्या दर्शनाने ते भारावले. पुढे काशीत त्यांनी भारतमाता मंदिर उभारले. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथे मूर्ती नाही. पर्वत-नद्यांसह संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा नकाशा आहे. एका तीर्थाची प्रेरणा साध्या मातीत होती.

तीच माती कुरखेड्यातही आहे. वारुळाची माती तणसाचे बारीक तुकडे घालून मळावी. शाळेच्या अंगणात कोरचीकडची भूमी उंच व वैनगंगेकडची सखल करावी. बांबूच्या कमच्यांनी वने उभारावीत, बोटाने सती नदीचे पात्र कोरावे. मग उंचावरून तांब्याभर पाणी सोडावे. पाणी वैनगंगेस मिळते, वर्धेच्या संगमानंतर प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होऊन पूर्वसमुद्राकडे जाते. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेले जल आणि कुरखेड्याचे जल एकत्र वाहते, हे मुलगा डोळ्यांनी पाहतो. उतार, पाणलोट, संगम हे शब्द मग पाठ करावे लागत नाहीत. राष्ट्राची एकात्मताही वेगळी शिकवावी लागत नाही.

दिवाळीत पश्चिम महाराष्ट्रातील मुले अंगणात सिंहगड, रायगड उभारतात. कुरखेड्याच्या मुलांनी त्यांच्याबरोबरच शेजारच्या आरमोरी तालुक्यातील वैरागडचा गोंडकालीन किल्लाही उभारावा. खोब्रागडीच्या काठी हा किल्ला का बांधला गेला, हा प्रश्न मुलांनीच विचारावा आणि उत्तर गावातील वृद्धांकडून मिळवावे. वनवासी घरातील आजोबांना जंगलातील प्रत्येक नाला नावानिशी ठाऊक असतो. त्या दिवशी तेच मुलांचे गुरुजी होतील.

ज्याने स्वहस्ते नदी घडविली, त्यास तिचे पात्र बुजताना पाहवणार नाही. भूमीवरील भक्तीचा आरंभ तिच्या ओळखीपासून होतो. येत्या दिवाळीत ही ओळख प्रत्येक अंगणात व्हावी, हीच अपेक्षा.