छत्रीचा सिग्नल का जातो?

मेळघाट, गडचिरोलीतल्या ज्या गावांत फायबर पोहोचलेलं नाही, तिथे बँक किंवा ग्रामपंचायत व्हीसॅटच्या, म्हणजे थेट उपग्रहाशी जोडणाऱ्या छत्रीवर चालते. मोडेमवरचा आरएक्स, म्हणजे सिग्नल मिळत असल्याचं दाखवणारा दिवा स्थिर राहत नसेल, तर आधी आभाळाकडे बघा. छत्रीपर्यंत सिग्नल आणणाऱ्या केयू बँडच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. सर ओसरली की सिग्नल आपोआप परततो.

उघडीप असूनही सिग्नल नसेल, तर संशय केबलवर घ्या. मोडेमची वीज बंद करून छत्रीजवळचा कनेक्टर उघडा. आतली तांब्याची तार हिरवट-काळी पडली असेल, तर पाणी शिरलंय. नुसतं पुसून भागत नाही. तेवढं टोक कापून नवा कनेक्टर लावावा, वर वॉटरप्रूफ टेप गुंडाळावी. माझ्या मते पावसाळ्यातल्या तक्रारींचं मूळ इथेच शोधावं.

केबल ठीक असेल, तर छत्रीची दिशा बघा. उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतो. म्हणून आपल्याकडे छत्री दक्षिणेकडे झुकलेली असते. त्या बाजूला झाडाची फांदी वाढली का, तेही बघा. छत्री अंशभर सरकली तरी सिग्नल तुटतो. तेव्हा तिचे बोल्ट स्वतः सैल करू नका, तंत्रज्ञालाच बोलवा. आणि मोडेम चालू असताना छत्रीसमोर उभं राहू नका.