जीवदया आणि ममत्व : जखमी पाखराच्या निमित्ताने



जीवदया हा जैन समाजाचा सहज स्वभाव आहे. पांजरपोळ, पाणपोई, पाखरांसाठी रोज टाकले जाणारे धान्य ही त्याची नित्याची रूपे होत. संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने पंख कापलेले कबुतर, किंवा वळवाच्या पावसात घरट्यातून पडलेले साळुंकीचे पिल्लू मुलांनी घरी आणावे आणि आजीने त्याला कापसाच्या गादीवर निजवावे, हा अनुभव अनेक कुटुंबांना आहे. काही आठवड्यांत ते पाखरू हाकेला ओ देते, खांद्यावर बसते, घरातलेच एक होऊन जाते. खरा प्रश्न येथे उभा राहतो. वाचविलेला जीव हा वाचविणाऱ्याचा होतो काय?

उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात या प्रश्नाने अलीकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील एका तरुणाला शेतात पाय मोडलेला सारस क्रौंच आढळला. त्याने घरगुती उपचार करून त्याला बरे केले. पक्षी बांधलेला नव्हता, पिंजऱ्यात नव्हता. तरीही तो गेला नाही. तो त्या तरुणाच्या ताटातून खाई आणि त्याच्या मोटारसायकलीमागे उडत जाई. मार्च २०२३ मध्ये वनविभागाने सारसाला ताब्यात घेऊन समसपूर पक्षी अभयारण्यात नेले. तेथून तो भरकटला. अखेरीस त्याची रवानगी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली. एप्रिलमध्ये तो तरुण भेटीस गेला, तेव्हा पिंजऱ्यातील सारस त्याला पाहून पंख फडफडवीत नाचू लागला. मुक्त पक्ष्याचा प्राण वाचला, पण शेवटी तो गजांआड गेला. त्या तरुणाच्या करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही करुणेने सुरू झालेली ही कथा बंधनात का संपली, याचा विचार जीवदया मानणाऱ्याने केलाच पाहिजे.

तो सारस तर वाढलेला पक्षी होता. कोवळ्या पिल्लाच्या बाबतीत हे बंधन अधिक खोल असते. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये कलहंसाच्या पिल्लांविषयीचे निरीक्षण मांडले. अंड्यातून बाहेर येताच जो हलता जीव प्रथम दिसेल, त्यालाच ही पिल्ले आई मानतात. मनावरचा हा ठसा सहसा पुसला जात नाही. पुढे १९७३ मध्ये लोरेन्झ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सर्व जातींत हा ठसा सारख्याच तीव्रतेने उमटत नाही. पण माणसाच्या हातून वाढलेल्या पाखराला स्वजातीयांची ओळख पटणे कठीण जाते, हे अनेक पक्ष्यांबाबत दिसून आले आहे.

अमेरिकेतील 'टेक्स' नावाच्या क्रौंच मादीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९४१ च्या सुमारास या जातीचे, म्हणजे व्हूपिंग क्रेनचे, जेमतेम वीस-बावीस पक्षी उरले होते. टेक्स माणसांच्या हातून वाढली आणि नर क्रौंचाकडे तिने पाठ फिरविली. तिला ती माणसाचीच सहचरी वाटे. जॉर्ज आर्चिबाल्ड या शास्त्रज्ञाने अनेक हंगाम तिच्यासोबत राहून क्रौंचांप्रमाणे तिच्याशी नृत्य केले, तेव्हा कुठे १९८२ मध्ये, कृत्रिम गर्भधारणेच्या साहाय्याने, एक पिल्लू जन्माला आले. पुढे अशा पिल्लांना वाढविणारे लोक पांढरा झगा घालून चेहरा झाकू लागले आणि क्रौंचाच्या डोक्यासारख्या हातबाहुलीने घास भरवू लागले. प्रेम तर करावे, पण आपली ओळख लागू देऊ नये, असा हा संयम आहे.

जैन विचाराला हा संयम अपरिचित नाही. अहिंसाणुव्रताचे बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध असे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत बंध पहिला आहे. चांदीच्या वाटीत डाळिंबाचे दाणे घातले, तरी पिंजरा हा बंधच राहतो. अपरिग्रहाचा विचारही हेच सांगतो की परिग्रह वस्तूत नसून 'हे माझे' या ममत्वात असतो. भगवान नेमिनाथांच्या कथेत विवाहासाठी कोंडलेले पशू मोकळे झाले, ते कोणाच्या अंगणात बांधले गेले नाहीत. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालयही बरे झालेले पाखरू आकाशात सोडून देते.

कायद्याची भूमिकाही वेगळी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार आपल्याकडील पोपट, मैना यांसारखे वन्य पक्षी पाळणे हा गुन्हा आहे. असा पक्षी हाती आल्यास ४८ तासांच्या आत संबंधित अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे.

मग श्रावकाने नेमके काय करावे? जमिनीवर बसलेले प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. पिसे फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्यापासून दूर, जवळच्या झुडपात त्याला ठेवावे. पिसे नसलेले पिल्लू शक्य तर पुन्हा घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकतात, हा गैरसमज आहे.

येथे शाकाहारी घराचा एक खरा पेचही सुटतो. चिमणी, साळुंकी यांची पिल्ले वाढतात ती मुख्यतः आईबापांनी आणलेल्या किडा-अळ्यांवर. नुसत्या पोळीच्या कुस्करावर ती नीट वाढत नाहीत, आणि किडे भरविणे श्रावकाला रुचणारे नाही. म्हणून पिल्लाला त्याच्या आईकडे परत पोहोचविणे हीच दोन्ही अर्थांनी अहिंसा होय. दूध पाखरांना पचत नाही, ते देऊ नये. चोचीत पाणीही ओतू नये. जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचे तोंड असते, त्यात पाणी गेल्यास पाखरू गुदमरते. जखमी पाखराला भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर, अंधारात आणि उबेत ठेवून लवकरात लवकर पशुवैद्याकडे, वनविभागाकडे किंवा जाणत्या पक्षिमित्रांकडे द्यावे. मुलांना ते वारंवार हाताळू देऊ नये. पंख कायमचा निकामी झालेल्या पक्ष्याला आयुष्यभर आश्रय लागतो. तोही मान्यताप्राप्त केंद्रात, स्वजातीयांच्या सहवासात मिळावा.

मुलांना याचे वाईट वाटेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. ते येऊ द्यावे. देणे आणि सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच करुणेच्या आहेत, हा धडा पाठांतरापेक्षा त्या एका निरोपातून मुलांच्या मनावर अधिक ठसेल. अभयदान हे सर्व दानांत श्रेष्ठ मानले गेले आहे. आणि दान दिलेली वस्तू दात्याने परत मागावयाची नसते. पाखराला दिलेले आयुष्यही तसेच त्याचे त्याला द्यावे.

जय जिनेंद्र.