कोयता दोघांचा, हिशेब एकाचा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कोरडवाहू कापूस-ज्वारीचा हिशेब तुम्हाला सांगायला नको. पाऊस हुकला, भाव पडला की दिवाळीनंतर नवापूर, अक्कलकुवा, धडगावच्या घरांना कुलूप लागते आणि टोळ्या बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीला निघतात. शेती तोट्यात म्हणून घर सुटते, ही आपली मांडणी खरीच आहे. पण त्या तोट्याचा मोठा वाटा फडात कोणाच्या अंगावर पडतो, हे आज बोलायचे आहे.

मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब त्याच्या नावावर. बाई ऊस साफ करते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. त्याआधी आणि त्यानंतर पाणी, सरपण, भाकरी, मूल तिच्याकडेच. पडावावर संडास नसला की ती पाणीच कमी पिते. मग लघवीची जळजळ सुरू होते. आपल्या भिल्ल-पावरा घरांत सिकलसेल आहे. त्या रोग्याला अपुरे पाणी, थंडी आणि अतिश्रम, तिन्ही घातक. बाई गरोदर असली तर धोका आणखी वाढतो.

तरी ती दुखणे अंगावर काढते. ती झोपली तर कोयता बंद. हे कुठवर जाते, ते बीडने दाखवले. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आकडे आले: ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. म्हणजे सहाजणींत एक! दुखण्याने खाडा पडतो आणि खाड्याला दंड बसतो, ही भीती त्यामागे होती.

१९८६ साली चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी चळवळीने बाईचा प्रश्न हाती घेतला. पुढे लक्ष्मीमुक्तीत अनेकांनी बायकोच्या नावे जमीन केली. सातबारावर तिचे नाव लागते, तर उचलीच्या कागदावर का नको?

म्हणून गावोगाव ठराव करा. उचलीच्या कागदावर दोघांची नावे आणि तिची मजुरी वेगळी. निघण्याआधी रक्ताची आणि सिकलसेलची तपासणी, कार्ड सोबत. पडावावर पाणी आणि संडास. आजारी बाईच्या खाड्याला दंड नाही. मुकादमाने हे मान्य केल्याशिवाय गावातून टोळी हलणार नाही.

कापसाला घामाचे दाम मागणारे आपण. घरातल्या घामाचा हिशेब आधी चोख करू.