वणवा विझवायचा कोणी?



होळीच्या सुमारास रात्री वाशिंद स्टेशनात उतरावे आणि माहुलीच्या डोंगराकडे नजर टाकावी. पुष्कळदा काळ्या अंधारात डोंगराच्या कमरेला एक लाल माळ दिसते. मुंबईहून आलेला पाहुणा म्हणतो, "अहो, काय सुंदर दिसतंय!" आपण गप्प बसतो. कारण ती माळ म्हणजे वणवा, आणि ती सरकत सरकत कुठे जाणार आहे हे आपल्याला ठाऊक असते.

आज मी या वणव्याबद्दल चार गोष्टी सांगणार आहे. शहापूर-मुरबाडकडच्या माझ्या शेतकरी बंधुभगिनींसाठी आणि त्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या गुरुजी-बाईंसाठी हे बोलणे आहे.

पहिली गोष्ट अशी की, आपल्याकडे वणवा आपोआप लागत नाही. बांबूला बांबू घासून आग पेटते असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण फेब्रुवारी-मार्चात आपल्या डोंगरावर वीजही पडत नाही आणि आग मात्र दर साली लागते. तेव्हा ती माणसाच्याच हातची. कधी राब भाजताना ठिणगी बांधापलीकडे उडते. कधी मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पातेरा पेटवला जातो. कधी ससा उठवायला, तर कधी नवे गवत चांगले येते या समजुतीने. आणि अलीकडे त्यात भर पडली आहे ती डोंगरावर फिरायला येणाऱ्यांची. तीन दगडांची चूल, विझली असे वाटलेली शेकोटी, चालता चालता फेकलेले विडी-सिगारेटचे थोटूक. सागाची पाने त्या दिवसांत पापडासारखी वाळलेली असतात. त्यांना एवढे पुरते.

कोणी म्हणेल, लागली आग तर लागली. पाऊस पडला की पुन्हा हिरवे होतेच ना? होते, पण काय हिरवे होते ते पाहा. राखेवर पहिला कोंब लवकर येतो हे खरे. पण वर्षानुवर्षे तीच जमीन जळत राहिली की गुरांना आवडणारे मऊ गवत मागे पडते आणि कुसळी गवत माजते. ऐन, खैर, बिबळा, हेद यांची हातभर वाढलेली रोपे जळून जातात. म्हातारी झाडे उभी राहतात, पण त्यांच्यामागे पोरवडा राहत नाही. रानकोंबडी, लावे, मोर जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना पळायला पंख असले तरी अंड्यांना नसतात. आणि उघड्या पडलेल्या उतारावर पहिला वळीव कोसळला की माती ओढ्यात आणि ओढ्यातून धरणात. तानसा तलाव १८९२ साली झाला. मुंबईचे लोक आजही ते पाणी पितात. त्या पाण्यावर छत्र धरून उभे असलेले रान ते हेच. याच तानसा अभयारण्यात २०१४ साली रानपिंगळा आढळला. हा पक्षी शतकाहून अधिक काळ नाहीसा झाला असे समजत होते आणि १९९७ साली तो नंदुरबारकडे पुन्हा दिसला होता. असा पाहुणा आपल्या घरी राहायला आला आहे आणि आपण घरालाच काडी लावतो.

आता एक घडलेला प्रसंग सांगतो. मी शिक्षक. फेब्रुवारीच्या एका रविवारी वीस मुले घेऊन माहुलीला निघालो होतो. १६३६ साली शहाजीराजांनी ज्या गडावरून शेवटची झुंज दिली, तो गड मुलांना दाखवायचा होता. सोंडेने अर्धा डोंगर चढलो आणि खालून धुराचा वास आला. पाहतो तो डाव्या अंगाला गवत पेटलेले. मी मुलांना म्हटले, "चला, भरभर वर चला!" तेवढ्यात वाडीतले एक ठाकूर बाबा गुरे सोडून धावत आले. म्हणाले, "गुरुजी, वर नका पोरांना नेऊ. आग चढणीला माणसापरीस जोरात पळते." त्यांनी आम्हाला आडवे चालवत एका उघड्या कातळावर नेले, सगळ्यांना खाली बसवले, तोंडाला ओले फडके लावायला सांगितले. दहा-पंधरा मिनिटांत बाजूने आग तडतडत वर निघून गेली. आम्ही सुखरूप राहिलो.

मी पुस्तके वाचलेला माणूस. पण उताराबरोबर आगीचा वेग वाढतो, हे मला त्या दिवशी त्या बाबांनी शिकवले. तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी वाळलेल्या गवतातून उतरणाऱ्या तरुण मुलामुलींना वणव्याने असेच गाठले आणि वीसहून अधिक जण दगावले. त्यांच्याबरोबर असे बाबा असते तर, असे माझ्या मनात येते.

पुढचे ऐका. वाडीतले पंधरा-वीस जण ऐनाच्या ओल्या फांद्या घेऊन अंधार पडेपर्यंत आग झोडपत होते. खाली आम्हाला तीन काळे दगड सापडले, अंड्यांची टरफले आणि कागदी ताटल्या. चूल सहलीला आलेल्या कोणाची तरी होती. तरी दुसऱ्या दिवशी चौकशी झाली ती वाडीतच. "तुमच्यापैकी कोणी लावली?" ज्यांनी विझवली त्यांनाच हा प्रश्न. ते बाबा मला म्हणाले, "गुरुजी, पुढल्या येळंला आम्ही जावं का नाय, तुम्हीच सांगा." मला उत्तर देता आले नाही. आणखी एक कबूल केले पाहिजे. आदल्या वर्षी त्याच जागी मी मुलांना खिचडी करून घातली होती. निघताना चुलीवर पाणी ओतले होते की नाही, हे मला आजही आठवत नाही.

श्रोतेहो, वणव्याचे खरे दुखणे इथे आहे. ज्याला रान आपले वाटते तो विझवायला धावतो. ज्याला रानात चोर ठरवले जाते तो घरी बसतो. आपल्या ठाणे जिल्ह्याला हे जुने आहे. इंग्रजांनी राबासाठी टहाळ तोडण्यावर बंधने आणली तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी इतकी ओरड केली, की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. तिकडे कुमाऊंच्या पहाडात रान हातचे गेले म्हणून संतापलेल्या लोकांनी १९२१ साली सरकारी चिडाची जंगले पेटवून दिली. त्यानंतर १९३१ साली तिथे वनपंचायतींचे नियम झाले. लोकांना रानाचा वाटा आणि कारभार मिळाला, आणि पुष्कळ ठिकाणी तीच माणसे आगीवर धावून जाऊ लागली. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. तिथे ग्रामसभा सर्वांच्या संमतीने रानाचे नियम ठरवते आणि गाव आपले जंगल वणव्यापासून राखते.

आपल्यालाही हा मार्ग मोकळा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा आणि त्याचा कारभार पाहण्याचा हक्क दिला आहे. संयुक्त वन व्यवस्थापन समित्याही आहेत. हक्काबरोबर जबाबदारीही येते. १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे, जो राखीव रानातून चराई किंवा लाकूडफाटा घेतो त्याने आग दिसताच खबर दिली पाहिजे आणि विझवायला हात लावला पाहिजे. मुद्दाम किंवा बेपर्वाईने आग लावली गेली, तर त्या रानातली चराई काही काळ बंद करण्याचा अधिकार सरकारला आहे. म्हणजे एकाची काडी आणि सगळ्या गावाची गुरे उपाशी.

मग गावाने करायचे काय? वणवा लागल्यावर धावणे हे शेवटचे काम. पहिले काम थंडीतच आहे. डिसेंबर-जानेवारीत, सकाळच्या दहिवरात, वनरक्षकाला बरोबर घेऊन जाळरेषा काढाव्यात. पायवाटेच्या, रस्त्याच्या आणि शेताच्या कडेने गवताचा पट्टा कापून, माणसे उभी करून, तो जपून जाळावा. पातेरा झाडून काढावा. राब भाजायचा तर चार शेजाऱ्यांनी दिवस ठरवावा, बांधाभोवती जमीन साफ करावी, वारा पडलेला असताना भाजावे आणि राख गार होईपर्यंत हलू नये. मोहाखालचा पाला पेटवण्यापेक्षा खराट्याने झाडावा किंवा जुने लुगडे अंथरावे. फुलेही स्वच्छ मिळतात.

दुसरे काम पाहुण्यांचे. माहुली, आजोबाचा डोंगर, गोरखगड, नाणेघाट, माळशेज इथे माणसे येणारच. सिद्धगडच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देह ठेवला; त्यांना वंदन करायला दर जानेवारीत लोक जमतात, आणि तेव्हा गवत वाळलेलेच असते. यांना अडवू नये. पण डोंगराच्या पायथ्याशी गावातली दोन माणसे बसवावी. काडेपेटी आणि स्टोव्ह खाली ठेवून घ्यावेत, किती माणसे चढली त्याची नोंद ठेवावी, स्वयंपाक वाडीतच करून द्यावा. वाडीतल्या बाईच्या हातची नाचणीची भाकरी आणि पिठले खायला शहरातला माणूस आनंदाने पैसे देतो. पाहुण्याच्या येण्यातून वाडीच्या चुलीला आधार मिळाला, तर डोंगरावर चूल पेटवू न देण्याची काळजी वाडी आपण होऊन घेईल. वाटाड्याही गावातलाच असावा. कातळ कुठे आहे आणि आडवाट कुठे आहे, हे त्यालाच माहीत.

तिसरे काम खबरेचे. आज उपग्रह आकाशातून आग टिपतो आणि वनखात्याच्या फोनवर निरोप येतो. चांगली सोय आहे. पण उपग्रह दिवसातून काही वेळाच डोक्यावरून जातो. गुराखी दिवसभर डोंगरावर असतो. पहिला धूर त्यालाच दिसणार. त्याच्याजवळ वनरक्षकाचा फोन क्रमांक असावा आणि वनखात्याचा १९२६ हा क्रमांक पाठ असावा.

आग दिसलीच तर एकट्याने जाऊ नये. सुती कपडे घालावेत, पाणी बरोबर घ्यावे, दोन्ही कडांनी झोडपत यावे. आगीच्या तोंडासमोर, चढणीवर कधी उभे राहू नये. उलटी आग लावणे हे जाणत्याचेच काम.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात "वनसंपत्ती" हा धडा शिकवतो त्या दिवशी गावातल्या एका जाणत्या माणसाला शाळेत बोलवा. त्याला खुर्ची द्या. वारा कसा ओळखायचा, आग कशी चालते, हे त्याला सांगू द्या. मी आता दर वर्षी तसे करतो. ते ठाकूर बाबा आमच्या शाळेत येतात. आणि त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी एवढेच देऊ शकलो आहे: पुढच्या खेपेला, बाबा, तुम्ही एकटे जाणार नाही, आम्ही बरोबर येऊ.